डाव्या पायाला, वीतभर

पहिल्याच चढावर माझे चार शब्द मेले:
इकडं, तिकडं, असं, एवढं.
वीस वर्षं गौताळ्यात माणसं फिरवली
ह्या चार शब्दांवर अन् एका बोटावर.
बोट तर आजही आपसूक उठलं.
"ते बघा, अंतूर," म्हणालो,
अन् पाच जण काठ्या टेकून
माझ्या आवाजाकडं तोंड करून उभे राहिले.

उदगीरचा व्यंकट तबला शिकवतो.
तो म्हणाला, "कडुबा, बोटाला आवाज नसतो."
सगळे हसले. मीही. कान तापले माझे.

मग लागलो शब्द हुडकायला.
दगड. नुसता दगड म्हणून भागत नाही.
डाव्या पायाला, वीतभर उंच, हलतोय.
पुढं दोन पावलं मुरूम, सरकेल.
उजवीकडं हिवर, काट्याचा, हात आखडा.
आता उतार, आमच्या उंबऱ्याएवढा...
"तुझा उंबरा कुणी पाह्यलाय?" नुसरत.
बरं. एसटीची खालची पायरी, तेवढा.
"हां. आता बोललास."

ती परभणीची, बँकेत दिवसभर फोन घेते.
माझ्या पिशवीला बांधलेली दोरी तिच्या मुठीत.
ढिली पडली की मी रेंगाळतोय,
ताणली की मला घाई झालीय.
म्हणालो, दोरीनं असं बोलणं
मी फक्त बैलाशी केलंय आजवर.
थोडं चालून तिनं विचारलं,
"आपल्यात बैल कोण?"

सालईचा डिंक दिला एकेकाच्या तळहातावर.
उरुसातला लोबान, नुसरत म्हणाली.
भजनातला धूप, व्यंकट.
गंगासागर मावशी बराच वेळ हुंगत राहिल्या,
मग म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणातली शेगडी.
पोरगी सव्वा महिन्याची होती,
तवा मला दिसायचं."
पौषातलं गवत वाजत होतं सुकं.
कुणी काही बोललं नाही.

वरच्या धारेवर व्यंकट चुटक्या वाजवत चालला होता.
थांबला. "घळ आहे डाव्या अंगाला."
कसं कळलं?
"चुटकी परत यायची बंद झाली. किती खोल?"
आहे थोडी, म्हणालो. घाबरतील म्हणून.
त्यानं पायानं चाचपून खडा उचलला, फेकला,
मांडीवर बोटं मोजत राहिली.
"थोडी नाही. सात मात्रा घेतल्या.
लपवू नको गड्या,
घळीचेही पैसे भरलेत आम्ही."
मग सांगितली घळ.
खालची वानरं सांगितली, मुंगळ्याएवढी,
खडकाला फुटलेला उंबर,
अन् कडेपासून आपण किती पावलांवर, तेही.
पाचही जण हात धरून एक पाऊल पुढं सरकले.
घाबरलो मी.

वाटेवर जुना दगड आहे, अक्षरांचा.
ह्याला पाठ टेकून किती भाकरी खाल्ल्या,
लोकांना सांगितलं, जुनं काहीतरी लिहिलंय.
नुसरतनं काठी मला दिली,
दोन्ही हातांनी दगड वरून खाली उतरली.
उठावाची अक्षरं, कडा झिजलेल्या.
"अब्बांना आली असती ही लिपी.
मला ठिपके येतात."
पुन्हा वर गेली. पुन्हा खाली.
"हे एक अक्षर तीनदा आलंय," म्हणाली,
"अन् तिसऱ्यांदा लिहिणारा दमला होता."
माझं बोट धरून तिनं ठेवलं त्या खोबणीत.
वळण खरंच उथळ होतं तिथं.
वीस वर्षं माझ्या पाठीला टोचत होतं ते.

रात्री घरी बायको म्हणाली, विळी कुठं टाकली?
म्हणालो, रांजणाच्या उजव्या अंगाला,
जमिनीपासून हातभर वर, कोनाड्यात, पातं भिंतीकडं.
तिनं माझ्याकडं पाह्यलं.
"बरं हाय ना तुमचं?
कसे होते आजचे लोक?"
असेच, म्हणणार होतो,
तोंड उघडलं अन् थांबलो.
भाकरी गार होत गेली ताटात.